बॉब मार्लीच्या पायाचा अंगठा

मे १९८१. जर्मनीहून जमैकाकडे निघालेला एक रुग्ण वाटेतच अधिक अत्यवस्थ झाला आणि अमेरिकेतील मायामी शहरात त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. मायभूमी तेथून विमानाने जेमतेम दीड-दोन तासांच्या अंतरावर होती. पण तेवढेही अंतर कापणे त्याच्या नशिबी नव्हते. ११ मे रोजी त्याने अखेरचा श्वास घेतला. त्याचे वय अवघे ३६ वर्षांचे होते. रॉबर्ट नेस्टा मार्ली, अर्थात साऱ्या जगाचा बॉब मार्ली, कॅन्सरने गेला, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. हा कॅन्सर त्वचेचा होता आणि त्याची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती, हे मात्र त्याचे चित्र असलेले टी-शर्ट घालून हिंडणाऱ्या तरुणांपैकीही फार थोड्यांना माहीत असेल. सावळ्या वा काळ्या वर्णाच्या माणसाला त्वचेचा कॅन्सर होत नाही, या आपल्याकडेही घट्ट रुजलेल्या समजाला त्याचे आयुष्य हे एक शोकात्म उत्तर आहे.

मार्लीचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमैकातील सेंट ॲन परगण्यात, नाइन माइल नावाच्या डोंगराळ खेड्यात झाला. आई सेडेला ही कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबातील, लग्नाच्या वेळी जेमतेम अठराची. वडील नॉर्व्हल मार्ली गोरे आणि वयाने तिच्याहून कितीतरी मोठे. पिता संसारात फारसा कधी आलाच नाही. गोऱ्यांना हा मुलगा काळा वाटे आणि गावातल्या पोरांना तो पुरता काळा वाटत नसे. दोन रंगांच्या मधल्या या एकाकीपणाने त्याला लहानपणीच अंतर्मुख केले. पुढे तो आईबरोबर राजधानी किंग्स्टनमधील ट्रेंचटाऊन या गरीब वस्तीत राहायला आला. पत्र्याची घरे, सामाईक अंगणे, बेकारी आणि रोजच्या मारामाऱ्या असे तेथील जीवन होते. पण त्याच अंगणांमध्ये संध्याकाळी गिटारही वाजत असे.

पीटर टॉश आणि बनी वेलर या मित्रांसमवेत त्याने १९६३ मध्ये 'वेलर्स' हा संच उभा केला. 'सिमर डाऊन' हे त्यांचे गाणे १९६४ मध्ये जमैकाभर गाजले. गाणी गाजली तरी पैसा मात्र हाती येत नव्हता. १९६६ मध्ये रीटा अँडरसनशी विवाह केल्यानंतर तो लगेच अमेरिकेत आईकडे गेला आणि डेलावेअर राज्यात त्याने मिळेल ती कष्टाची कामे केली. परत आला तो संगीतातच काही करून दाखवायचे, हा निर्धार घेऊन. १९७२ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सचे ख्रिस ब्लॅकवेल यांनी या संचाला हात दिला. १९७३ मध्ये 'कॅच अ फायर' हा अल्बम आला आणि रेगे हे छोट्या बेटावरचे संगीत जगाच्या कानावर पडू लागले. १९७५ मध्ये लंडनच्या मैफलीतील 'नो वुमन, नो क्राय' या गाण्याने तर ब्रिटनमधील घराघरात प्रवेश केला.

याच काळात तो रास्ताफारी पंथाचा निष्ठावान अनुयायी झाला. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांना दैवी मानणारा, आफ्रिकेकडे मातृभूमी म्हणून पाहणारा हा पंथ. शरीर हे ईश्वराचे मंदिर आहे, त्याला सुरी वा कात्री लावू नये, ही त्यातील धारणा. डोक्यावरच्या जटा हे त्या व्रताचेच दृश्य चिन्ह. मार्लीच्या आजाराच्या कथेत ही धारणा पुढे फार महत्त्वाची ठरली, म्हणून तिचा येथे उल्लेख केला.

त्याच्या जीवनातील दुसरी मोठी निष्ठा म्हणजे फुटबॉल. दौऱ्यावर जाईल तेथे चेंडू बरोबर असे. मैफलीआधी, ध्वनिमुद्रणाच्या मधल्या वेळेत, हॉटेलशेजारच्या हिरवळीवर, जागा मिळेल तेथे डाव रंगत असे. अंगठ्याला ठेच लागणे, नख काळेनिळे पडणे हे अशा माणसाच्या बाबतीत नित्याचेच. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला १९७५ च्या सुमारास एकदा इजा झाली होती, ती पुरती भरून आलीच नाही. नेमक्या याच नित्याच्या गोष्टीने आजाराला लपायला जागा दिली.

३ डिसेंबर १९७६ च्या रात्री किंग्स्टनमधील त्याच्या घरात बंदूकधारी घुसले. निवडणुकीच्या तोंडावर जमैका दोन पक्षांच्या हिंसेत होरपळत होता. मार्लीच्या छातीला व हाताला गोळीने जखम झाली, रीटाच्या डोक्याला इजा झाली. तरीही दोनच दिवसांनी तो हजारो लोकांसमोर गायला उभा राहिला आणि मग मायदेश सोडून लंडनला गेला. तेथेच 'एक्झोडस' हा अल्बम तयार झाला. टाइम साप्ताहिकाने १९९९ मध्ये विसाव्या शतकातील सर्वोत्तम अल्बम म्हणून ज्याची निवड केली, तो हाच. गोळीतून वाचलेला हा माणूस कीर्तीच्या शिखराकडे निघाला होता. त्याच वेळी अंगठ्यावरचा शत्रूही आपले काम करीत होता.

मे १९७७ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असताना पॅरिसमध्ये फुटबॉल खेळताना त्याच अंगठ्याला पुन्हा मार बसला आणि नख निघाले. पायाला पट्टी बांधून त्याने मैफली पार पाडल्या. जखम मात्र भरेना. अखेर त्या उन्हाळ्यात तपासण्या झाल्या आणि निदान हाती आले : मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. त्वचेच्या कॅन्सरमध्ये हा संख्येने कमी, पण पसरण्याच्या बाबतीत सर्वांत घातक.

येथे थोडे थांबून हा आजार समजून घ्यायला हवा. गोऱ्या लोकांमध्ये मेलॅनोमा बहुधा उन्हाशी निगडित असतो. आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते, त्यामुळे भारतीय वा आफ्रिकी वंशाच्या लोकांत हा आजार विरळा आहे. पण त्याचा एक प्रकार असा आहे की ज्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. तो तळपाय, तळहात आणि नखांखाली उद्भवतो. ॲक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा हे त्याचे वैद्यकीय नाव. हा प्रकार सर्वच वर्णांच्या लोकांत आढळतो. मात्र कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना मेलॅनोमा झालाच तर तो या प्रकारचा असण्याची शक्यता अधिक असते. नखाखालच्या अशा काळ्या रोगाचे वर्णन जोनाथन हचिन्सन या ब्रिटिश शल्यविशारदाने १८८६ मध्येच केले होते. पण स्वतंत्र प्रकार म्हणून रिचर्ड रीड या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने त्याला वेगळे काढले ते १९७६ मध्ये, म्हणजे मार्लीच्या निदानाच्या केवळ एक वर्ष आधी. तेव्हा अंगठ्याकडे आधी लक्ष का गेले नाही, असा दोष आज कोणा एकाला देणे न्यायाचे होणार नाही.

फुटबॉलच्या मारामुळेच कॅन्सर झाला, असे आजही सर्रास लिहिले जाते. तसे सिद्ध झालेले नाही. पायावर पडणारा सततचा दाब आणि या रोगाचा काही संबंध असावा का, याचा अभ्यास संशोधक करीत आहेत. पण एखाद्या सामन्यातील ठेचेने कॅन्सर जडतो, असे म्हणता येत नाही. इजेने दोन गोष्टी होतात. एक, त्या जागेकडे लक्ष जाते. दुसरी याच्या अगदी उलट, न भरणाऱ्या जखमेला एक सोयीचे कारण मिळते आणि तपासणी लांबते. गोऱ्या पित्याकडून हा आजार आला, हीसुद्धा अशीच एक दंतकथा. या प्रकाराला गोऱ्या रक्ताची गरज लागत नाही.

निदानानंतर अंगठा कापून टाकावा, असा सल्ला त्याला मिळाला. मार्लीने नकार दिला. धर्मश्रद्धा हे त्याचे एक कारण होतेच. पण ते एकमेव होते असे मानणे म्हणजे त्या माणसाला पुरते न ओळखणे होय. रंगमंचावर तो नुसता गात नसे. डोळे मिटून, जटा उधळीत, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत तो जणू अंगात आल्यासारखा नाचत असे. त्या नाचाचा तोल आणि मैदानावरची धाव या दोन्ही गोष्टी त्या अंगठ्यावर उभ्या होत्या. त्याने दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले. मायामीत शस्त्रक्रिया होऊन नख व त्याखालचा भाग काढण्यात आला आणि मांडीची त्वचा तेथे लावण्यात आली. अमेरिकेचा दौरा रद्द झाला. जखम भरली, तो चालू लागला, पुन्हा खेळूही लागला. आजार गेला, असे सर्वांना वाटले.

अंगठा कापला असता तर तो वाचला असता का? या प्रश्नाला ठाम उत्तर देता येत नाही. मेलॅनोमा त्वचेत किती खोल गेला आहे, त्याच्या पेशी जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचल्या आहेत का, यावर रुग्णाचे भवितव्य ठरते. पहिली लसिकाग्रंथी शोधून तपासण्याची पद्धत १९९० च्या दशकात रूढ झाली. मार्लीच्या वेळी ती नव्हती. आज तर आजार अगदी प्राथमिक अवस्थेत असेल तर संपूर्ण बोट न कापता रोगग्रस्त भाग काढण्याकडे शल्यविशारदांचा कल असतो. म्हणजे अंगठा वाचवण्याची त्याची इच्छा मुळात चुकीची नव्हती. खरी उणीव पुढे राहिली. अशा शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे ठरावीक अंतराने तपासणी करून घ्यावी लागते. जांघेतील गाठी, सर्वांगावरची त्वचा, आवश्यक तेव्हा छातीची व अन्य अवयवांची चित्रे, हे सारे पाहावे लागते. दौरे, ध्वनिमुद्रणे आणि मैफली यांनी भरलेल्या त्याच्या पुढच्या तीन वर्षांत अशा तपासण्यांना फारसे स्थान उरले नाही.

ती तीन वर्षे मात्र विलक्षण होती. २२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनमधील 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट'मध्ये त्याने पंतप्रधान मायकेल मॅनली आणि विरोधी नेते एडवर्ड सिआगा या कट्टर प्रतिस्पर्ध्यांना रंगमंचावर बोलावले आणि दोघांचे हात आपल्या डोक्यावर एकत्र धरले. एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला, त्या मध्यरात्रीच्या सोहळ्यात तो गायला. त्याच वर्षी जूनमध्ये मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर सुमारे एक लाख श्रोते त्याला ऐकायला जमले. ट्रेंचटाऊनचा पोरका मुलगा आता तिसऱ्या जगाचा आवाज झाला होता.

सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचे कार्यक्रम झाले. २१ सप्टेंबरच्या सकाळी मित्रांसह सेंट्रल पार्कमध्ये धावत असताना तो कोसळला. तपासणीत कळले की अंगठ्यावरचा मेलॅनोमा मेंदूपर्यंत पोहोचला आहे. फुप्फुसे व यकृतही त्याने सोडले नव्हते. हातात थोडेच दिवस आहेत, असे डॉक्टरांचे मत पडले. तरीही २३ सप्टेंबर रोजी पिट्सबर्गच्या स्टॅन्ले थिएटरमध्ये तो ठरल्याप्रमाणे गायला. ती त्याची अखेरची मैफल.

न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या नामवंत कॅन्सर रुग्णालयात त्याच्यावर किरणोपचार झाले. पसरलेल्या मेलॅनोमावर त्या काळी परिणामकारक औषध जवळजवळ नव्हते. शस्त्र लागू नये म्हणून जपलेल्या जटाही या आजारपणात गेल्या. नोव्हेंबर १९८० मध्ये इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तो जर्मनीत, बव्हेरियातील डोंगरांमध्ये डॉ. जोसेफ इसेल्स यांच्या दवाखान्यात दाखल झाला. विशिष्ट आहार, कृत्रिमरीत्या आणलेला ताप, लसी अशा पद्धतींनी इसेल्स कॅन्सरवर उपचार करीत. या उपचारांनी रुग्णांच्या आयुष्यात लक्षणीय भर पडते असे दिसत नाही, असा निष्कर्ष ब्रिटिश तज्ज्ञांच्या पथकाने १९७१ मध्येच काढला होता. पण ज्याला इतर सर्वांनी हात टेकून दाखवले आहेत, तो आशेच्या मागे जाणारच. त्या हिवाळ्यात, सभोवती बर्फ पसरलेले असताना, उष्ण बेटावरचा हा माणूस दिवसेंदिवस कृश होत गेला. मे महिन्यात उपचारांची शर्थ संपली आणि तो घरी जायला निघाला. पुढचे वर आलेच आहे.

२१ मे १९८१ रोजी किंग्स्टनमध्ये शासकीय इतमामात त्याला निरोप देण्यात आला आणि नाइन माइलच्या टेकडीवर त्याचे दफन झाले. ज्या खेड्यातून तो निघाला होता तेथेच परतला.

दूरदेशीच्या या गायकाची कथा आपल्याला आपली का वाटावी? कारण त्याचा आजार आपल्या वर्णाच्या लोकांनाही गाठणारा आहे आणि तो दुर्लक्षित राहण्याची कारणेही सारखीच आहेत. तळपायावरचा काळा डाग आपण चिखलाचा वा जुना तीळ समजतो. न भरणारा व्रण कुरूप म्हणून ब्लेडने खरवडतो. बोटाला सूज आली की नखुरडे झाले म्हणून लिंबू बसवतो. मधुमेह असलेल्याची तळव्यावरची जखम साखरेच्या खाती जमा होते. यातील बहुतेक वेळा खरोखरच काही गंभीर नसते. सावळ्या त्वचेच्या माणसांच्या नखांवर काळसर रेघा असणे अगदी सामान्य आहे आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात. पण मोठेपणी एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंद होत जाणारी, कडेला फिकट-गडद होणारी रेघ, नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलेला काळेपणा, नख दुभंगणे, आकार बदलणारा, रक्त येणारा वा कित्येक आठवडे न भरणारा डाग किंवा गाठ, मग तिला रंग असो वा नसो, यांपैकी काहीही दिसले तर ती डॉक्टरांना दाखवण्याची वेळ असते. ठेचेने साकळलेले रक्त नखाच्या वाढीबरोबर हळूहळू पुढे सरकते. डाग जागचा हलत नसेल तर ठेचेचे कारण पुरेसे नाही, असे समजावे. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर उजेडात बसून तळवे, बोटांच्या बेचक्या आणि वीसही नखे पाहायला पाच मिनिटे लागतात. वृद्धांच्या पायांकडे घरातील दुसऱ्या कोणी पाहावे.

मग प्रश्न येतो तो कोणाकडे जायचे याचा. आज लहान शहरांतही त्वचेचे दवाखाने झाले आहेत. त्यांतील काहींचा भर गोरेपणा, केस आणि लेसर यांवर असतो. दवाखान्याची सजावट पाहण्याऐवजी डॉक्टरांची पदवी पाहावी. त्वचारोगशास्त्रातील एमडी, डीएनबी अथवा मान्यताप्राप्त पदविका आणि राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. चांगला त्वचारोगतज्ज्ञ दाखवलेल्या डागापुरते न पाहता पायमोजे काढायला लावतो, तळवे व नखे तपासतो, डर्मोस्कोप या भिंगाच्या उपकरणातून डाग न्याहाळतो, त्याचे छायाचित्र नोंदीत ठेवतो आणि पुन्हा केव्हा यायचे ते सांगतो. शंका असेल तर तो बायोप्सी सुचवतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संशयास्पद तीळ वा डाग लेसरने जाळून टाकण्यास तो तयार होत नाही. जाळलेल्या डागाची तपासणी करता येत नाही आणि रोग असेल तर तो खाली वाढत राहतो. काढलेला प्रत्येक तुकडा विकृतिशास्त्रज्ञाकडे जायलाच हवा आणि त्याचा लेखी अहवाल रुग्णाच्या हाती यायलाच हवा. निदान पक्के झाले तर पुढचे काम कॅन्सर रुग्णालयाचे. मुंबईत परळला १९४१ पासून उभे असलेले टाटा स्मारक रुग्णालय आपल्याला ठाऊक आहेच. दुसरे मत घेणे हा अविश्वास नव्हे, तो रुग्णाचा अधिकार आहे. मात्र ते त्याच विषयाच्या तज्ज्ञाचे असावे आणि वेळेत घ्यावे.

मार्लीच्या मृत्यूनंतर वैद्यक बरेच पुढे गेले. रोगप्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे २०११ पासून पसरलेल्या मेलॅनोमासाठी उपलब्ध झाली आणि अनेकांना त्यांनी वर्षांचे आयुष्य दिले. नखांखालच्या व तळव्यांवरच्या प्रकारात मात्र त्यांचा गुण इतर प्रकारांपेक्षा कमी येतो. त्यामुळे लवकर ओळखणे हाच या आजारावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आजही आहे.

मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, 'लेजंड' हा त्याच्या गाण्यांचा संग्रह निघाला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. २०२४ मध्ये त्याच्या जीवनावर चित्रपटही आला. गोव्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी एखाद्या शॅकमधून त्याचा आवाज आजही कानी येतो. ऐकणाऱ्यांचे पाय वाळूत आपोआप ठेका धरू लागतात. त्या पायांकडे, ठेका थांबल्यावर, एकदा उजेडात नीट पाहून घ्यावे. या गायकाला वाहिलेली ती सर्वांत उपयुक्त आदरांजली ठरेल.